मोहोळाखालचा धूप

माझ्या बापाला एक माशी चावली तरी तो मरू शकतो, हे सांगायला डॉक्टरसाहेबांनी मला खुर्चीवर बसवलं. एरवी नर्सला कोण बसा म्हणतं!

आदल्या दिवशी केळीच्या बागेत आबांना गांधीलमाशी चावली होती. मनगटावर, एकच. मी दवाखान्यातून येऊन चहा ठेवत होते, तेवढ्यात सालदार ओरडत आला की आबा मोटरीच्या खोलीपाशी पडले. धावत गेले तर ओठ सुजलेले, अंगभर गांधी उठलेल्या आणि श्वास घेताना छातीतून शिट्टी वाजत होती. बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं, साहेबांनी इंजेक्शन दिलं, आणि थोड्या वेळानं हा माणूस उठून विचारतो, "मोटर बंद केली का कोनी?" मी तिकडे भिंतीला टेकून रडत होते आणि याला मोटरीची पडली होती.

"या वेळी वाचले," डॉक्टरसाहेब म्हणाले, "पुढच्या वेळी याहून लवकर होईल आणि याहून जास्त होईल. माशी कुठलीही असो. जपा त्यांना."

जपा म्हणे! ज्यानं आबांना जपून दाखवलं असतं त्याच्या मी पाया पडले असते. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. माझा नवरा भडगावला शाळेत मास्तर, माझी नोकरी रावेर तालुक्यातल्या आरोग्य केंद्रात, आणि दोघांची बदली काही एका जागी होत नव्हती. ऐंशीच्या दशकातली ती शेवटची वर्षं. मी माहेरीच राहत होते. घरात मी आणि आबा. दोघंही तापट, त्यामुळे भांडणाला कधी तोटा नव्हता. आबांनी गावात सांगून टाकलं की ऊन लागलं होतं, चक्कर आली. माशी चावून पडलो हे सांगायची त्यांना लाज वाटत होती. मला बजावलं, "तू पन तोंड बंद ठेव."

आमच्या गावाच्या उत्तरेला सातपुडा. तिथं एका कड्याखाली देवीचं ठाणं आहे, चैत्रात यात्रा भरते. वाट नाल्याच्या काठाकाठानं वर जाते आणि दर पावसाळ्यात अर्धीअधिक वाहून जाते. मग थंडी सरता सरता गावचे लोक श्रमदानानं ती पुन्हा बांधायचे. दगड बसवायचे, बोरी-बाभळी तोडायच्या, घसरणीच्या जागी पायऱ्या काढायच्या. या कामाचे मुकादम आबा. एक पैसा मिळत नसे, पण आबांना विचारल्याशिवाय त्या वाटेवरचा दगड कुणी हलवायचं नाही. सरपंचसुद्धा नाही. वर्षभर आबा शेतकरी असायचे, तेवढे दिवस मात्र ते कुणीतरी मोठे असायचे. चालच बदलायची त्यांची.

आदल्या वर्षी वरून सुटलेल्या धोंड्यानं एकाच्या पायाची बोटं चेचली, एकाचा कोयता दुसऱ्याच्या दंडाला लागला. म्हणून त्या साली पंचांनी ठरवलं की आधी रीतसर शिबीर घ्यायचं. काम करताना जीव कसा सांभाळायचा, ते शिकायचं आणि मगच कोयता हातात घ्यायचा. धुळ्याहून एक शिकवणारे बोलावले. ते सोनगीरच्या किल्ल्यावर पोरांना दोर बांधून चढायला-उतरायला शिकवत असत. प्रथमोपचार शिकवायला मला सांगितलं. मी आनंदानं हो म्हटलं. वाटलं, निदान या निमित्तानं आबांवर डोळा तरी राहील.

पहिला दिवस शाळेच्या पडवीत. सर मोठे चोख होते. शिकवताना पुस्तकी मराठी बोलायचे, चिडले की थेट अहिराणीवर यायचे आणि आमची माणसं तोंडावर हात ठेवून हसायची. कोयता घेऊन चालताना पातं खाली आणि बाहेरच्या बाजूला. कुणी कुऱ्हाड उगारली असेल तर त्याला मागून हाक मारायची नाही. दगड सुटला की फक्त "धोंडा!" एवढंच ओरडायचं, बाकी काही नाही. आमची मंडळी हे सगळं मान डोलावत ऐकत होती. मग सरांनी मोहोळाचा विषय काढला.

देवीच्या कड्याला आग्या मोहोळं लोंबकळत असत, सुपाएवढी. काळीभोर. खाली उभं राहिलं की मान वर करायची भीती वाटायची. सर म्हणाले, "तिथं धूर नको. बिडी नको, अगरबत्ती नको, अत्तर नको, आरडाओरडा नको. उठलीच तर पळायचं नाही, हात झाडायचे नाहीत. प्रत्येकानं घोंगडी आणायची. अंगावर घ्यायची, तोंड झाकायचं आणि गप पडून राहायचं. कमी झाली की झुडपातून हळूहळू खाली." आणि मग त्यांनी विचारलं, "आधी कधी माशी चावून कुणाचं अंग सुजलं असेल, दम लागला असेल, त्यानं आत्ताच हात वर करा. लाजू नका."

मी आबांकडे बघितलं. आबा छताकडे बघत होते. काय दिसत होतं त्यांना छताला, देव जाणे.

"आबा, हात वर करा," मी म्हटलं.

"काबर? मी काय शायेतला पोरगा हाये का?"

लोक हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. चक्कर नव्हती आली, गांधीलमाशी चावली होती, मरता मरता वाचले, पुन्हा चावली तर वाचतील याचा भरवसा नाही. हसणं थांबलं. आबांचा चेहरा लालबुंद झाला. सर त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि अगदी नरमाईनं म्हणाले, "आबा, तुम्ही खालच्या वळणावर थांबा. दगड निवडून द्यायचं काम तुमच्याइतकं कोणाला जमणार? कड्याखाली मात्र येऊ नका."

आबांनी टोपी काढून गुडघ्यावर झटकली. मग म्हणाले, "नारय फोडून खाली जाईन."

हीच तर मेख होती. आमच्याकडे नारळ फोडल्याशिवाय कामाला हात लावत नाहीत. विहीर खणायची असो, केळीची पहिली गाडी भरायची असो, बोअरचं मशीन आलेलं असो, आधी नारळ. आणि देवीच्या वाटेचा नारळ कड्याखालच्या सपाटीवरच फुटायचा, कारण पहिली पायरी तिथं. तो मुकादमानंच फोडायचा. सर म्हणाले, खालच्या वळणावर फोडा. कुणी ऐकेना. अखेर तोडगा निघाला, की सपाटीवर फक्त नारळ फोडायचा, धूप नाही, उदबत्ती नाही, आणि लगेच आबांनी खाली निघायचं. सगळ्यांनी हो म्हटलं. मीही म्हटलं. माझं लक्ष त्या 'लगेच'वर होतं.

रात्रभर घरात अबोला. सकाळी मी डॉक्टरसाहेबांकडे जाऊन अ‍ॅड्रिनलिन मागितलं, ज्यानं आबा त्या दिवशी वाचले होते तेच. केंद्रात तेव्हा दोनच कुप्या होत्या. साहेबांनी एक दिली. दुसरी दवाखान्यात ठेवणं भाग होतं, तिथं कुणीही येऊ शकत होतं. सोबत सुजेचं, खाजेचं साधं इंजेक्शन भरपूर घेतलं. काचेची सिरिंज उकळून स्टीलच्या डबीत ठेवली आणि पिशवी खांद्याला अडकवली. त्या कुपीला मी वाटेत किती वेळा हात लावून बघितलं असेल, मलाच माहीत.

सपाटीवर पोचलो तेव्हा सकाळचं ऊन नुकतं कड्यावरून खाली उतरत होतं. वर कड्यावर मोहोळं अगदी शांत. पाखरांचासुद्धा आवाज नव्हता. माणसं आपोआप हळू बोलत होती. वाटेच्या कामाच्या उद्घाटनाला म्हणून आमच्या गावचे शेठजी आले होते. यांचे आजोबा राजस्थानातून आले, दुकान टाकलं, आणि आता हे आमच्याहून जास्त आमचे झालेले. किराणा आणि धान्याचं दुकान. यात्रेचा भंडारा दरवर्षी यांचा. जाडजूड, हसरा, देवभोळा माणूस. आदल्या दिवशी दुकान सोडून शिबिराला येणं त्यांना काही जमलं नव्हतं.

सर बाजूला कोयत्यांचे दांडे तपासत होते. आबांनी पायरीवर पाणी शिंपडलं, हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला. स्वच्छ दोन भकलं झाली. सगळ्यांना बरं वाटलं. मी म्हटलं, "चला आबा आता."

शेठजींनी पिशवीतून धुपाटणं काढलं. घरून निखारे घालून आणलेलं, राखेखाली झाकून. "एवढीशी गुग्गुळाची चिमूट," ते म्हणाले, "देवीच्या वाटेला धुपाशिवाय हात लावायचा का, आबा? तुम्हीच सांगा."

मी म्हटलं, "शेठजी, ठरलंय आपलं. नाही म्हणजे नाही."

शेठजी थांबले. खरंच थांबले. हात आवरला त्यांनी. आणि आबा, माझे आबा, ज्यांच्यासाठी ही सगळी यातायात चालली होती, ते म्हणाले, "पेटवा शेठ. माय कधी लेकराइले खाते का? एवढे वर्सं झाले, कधी काई झालं नही."

मला वाटतं, आदल्या दिवशी मी चारचौघांत त्यांना खाली पाहायला लावलं त्याचा तो जबाब होता. त्यांना दाखवायचं होतं की ही वाट अजून त्यांची आहे. शेठजींनी चिमूट टाकली. पांढरा धूर निघाला, जरा वेळ तिथंच घुटमळला आणि मग कड्याला लागून सरळ वर चढला.

आधी आवाज आला. लांबून एस.टी. घाट चढत असावी तसा. सरांनी मान वर केली आणि त्यांची पुस्तकी मराठी तिथंच संपली. "बठ्ठा जण खाले पडा! तोंड झाका! कोणी उठानं नही!"

मी आबांच्या अंगावर झेप घेतली म्हटलं तरी चालेल. त्यांना खाली पाडलं, घोंगडी दोघांवर ओढली आणि चारी बाजूंनी कडा अंगाखाली दाबल्या. शिकवलेलं माणसांनी पाळलं, हे मला आजही सांगावंसं वाटतं. जिथं उभे होते तिथं पडले, एकही पळाला नाही. पळाले ते फक्त शेठजी. त्यांना कुणी शिकवलं होतं? त्यांच्याजवळ घोंगडीही नव्हती. त्यांचं ओरडणं आम्हाला ऐकू येत होतं, कधी जवळून, कधी लांबून, मग एक धप्प आवाज. नंतर सरांचा आवाज आला, "धरा, झाका त्यास्ले!"

घोंगडीवर गारा पडाव्यात तसं टपटपत होतं. आत काळोख, घामाचा आणि लोकरीचा वास. मी आबांच्या मानेवर पदराचा बोळा दाबून धरला होता. "हलू नका," मी कानात सांगितलं. ते हलत नव्हते. त्यांच्या छातीचे ठोके माझ्या हाताला लागत होते.

आणि आत गुणगुण ऐकू आली. बाहेरची नाही. आतली.

घोंगडी उघडावी तर बाहेर हजारो. न उघडावी तर आत एक, आणि एकच पुरेशी होती. ती आमच्या दोघांच्या तोंडांमध्ये फिरत होती. आबांनी श्वास रोखला. मी डोळे ताणून बघत होते, पण काळोखात काय दिसणार? घोंगडीच्या विणीतून येणाऱ्या उजेडात मधेच एक ठिपका सरकायचा. तो आबांच्या गालावर बसला. मी हात नेला, झटकायचा नाही, झटकायचा नाही असं मनात म्हणत, आणि मूठ मिटली. तळहातात इंगळीसारखी कळ गेली. मी मूठ सोडली नाही. आवळली, अजून आवळली. जीव गेला तिचा. मला हसू यायला लागलं, विश्वास ठेवा, वेड्यासारखं हसू. मला चावली! आबांना नाही, मला!

"पोरी," आबा अगदी हळू म्हणाले, "दुसरी हाये."

ती त्यांच्या कानामागे होती. माझा हात पोचायच्या आत त्यांचं अंग एकदा थरथरलं. मी नखानं काटा खरडून काढला. दोघांनाही सगळं माहीत होतं.

बाहेर टपटप कमी होईपर्यंतचा तो वेळ किती होता ते मी सांगू शकणार नाही. आबा तळहात खाजवायला लागले. मग पोट. मग म्हणाले, "घसा कसातरी होऊ राह्यला." तेवढ्यात सरांनी हाक दिली, "एकेक जण, सरपटत, झुडपातून खाली!" मी आबांना ओढत, घोंगडी दोघांच्या डोक्यावर धरून, नाल्याच्या वळणापर्यंत आणलं. तिथं त्यांना एका दगडावर टेकवलं आणि डबी उघडली.

माझा उजवा हात सुजून बोटं मिटत नव्हती. कुपीची मान कापायची छोटी कानस हातातून दोनदा निसटली. कुपी फुटली असती तर? हा विचार आला आणि मी त्याला शिवी घातली. पदरात धरून मान मोडली, सिरिंज भरली. औषध वर चढत असतानाच लोक शेठजींना घेऊन आले.

दोघांनी खांद्यावर टाकून आणलं होतं. चेहरा ओळखू येत नव्हता. डोळे सुजून मिटलेले, कान फुगलेले, टक्कल काट्यांनी काळं झालेलं. ते आईला हाका मारत होते, मारवाडीत. साठीच्या माणसाला असं आईला बोलावताना मी ऐकलं नव्हतं. लोकांनी माझ्या हातातली सिरिंज बघितली.

"नर्सबाई, शेठले! शेठले द्या पयले!"

"आबाइले काय झालं? ते तर बसेल हायेत!"

आबा बसलेले होते खरे. त्यांना एकच चावली होती, आणि ती कानामागे, दिसतही नव्हती. फक्त ओठ पांढरे पडत चालले होते आणि श्वासात ती शिट्टी सुरू झाली होती. ती शिट्टी मला एकटीला ऐकू येत होती, कारण ती मी आधी ऐकली होती. शेठजींना या औषधाची गरज नव्हती. त्यांच्या अंगात विष खूप होतं, पण श्वास मोकळा होता, नाडी भरलेली होती. वर रक्तदाबाच्या गोळ्या चालू, त्यांना ते टोचणं धोक्याचंच होतं. हे सगळं मला ठाऊक होतं. पण ते समजावून सांगायला वेळ कुणाला होता, आणि ऐकणार कोण होतं?

आबांनी माझा हात धरला. आवाज घोगरा झाला होता. "शेठले दे. मी सांगेल व्हतं त्याइले पेटवायले. त्याइले दे."

"हात सोडा!" मी ओरडले. बापावर एवढ्या जोरात मी आयुष्यात ओरडले नव्हते. एकानं माझा खांदा धरला, मी तो हिसडला, आणि आबांच्या दंडात सुई घातली. सगळं औषध दिलं. थेंबही राखला नाही. लोक गप्प झाले. ती शांतता मला अजून आठवते, मोहोळ उठायच्या आधीच्या शांततेहून वाईट होती ती.

मग मी शेठजींकडे वळले. साधं इंजेक्शन दिलं, काटे काढायला सुरुवात केली. "बाई," ते म्हणाले, "ते मोठं औषध होतं ना?" दिसत नसताना त्यांना हे कसं कळलं? लोकांच्या बोलण्यावरून कळलं असणार. मी म्हटलं, "शेठजी, तुम्हाला ते लागत नाही." त्यांनी मान डोलावली. पटलं म्हणून की ताकद नव्हती म्हणून, माहीत नाही. मधेच मागे वळून बघितलं तर आबा दगडावरून घसरून आडवे झालेले. मी धावले. नाडी हाताला लागेना. पाय उचलून दगडावर ठेवले, तोंडाजवळ कान नेला. शिट्टी चालू होती. चालू असणं चांगलं, मी स्वतःला सांगत होते, बंद पडली तर वाईट. हळूहळू ती बारीक झाली, ओठांना रंग आला, आणि आबा डोळे मिटूनच म्हणाले, "छाती लई धडधड करू राह्यली."

"करू द्या," मी म्हटलं, आणि तिथंच बसकण मारली.

केळी भरायला आलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत केळीची पानं अंथरून दोघांना शेजारी शेजारी झोपवलं आणि रावेरला नेलं. वाटभर शेठजी ओकत होते. आबा त्यांच्याकडे बघत नव्हते, वर आभाळाकडे बघत होते. रावेरहून शेठजींना जळगावला हलवलं. लघवी लाल झाली, मूत्रपिंडावर आलं, बरेच दिवस ते मोठ्या दवाखान्यात होते. मी रोज एस.टी.नं कुणी ना कुणी येईल त्याला विचारायची. ते गेले असते तर? मी बरोबर केलं होतं हे मला ठाऊक होतं, तरी रात्र रात्र झोप नव्हती. पण वाचले. अर्धे होऊन आले, पण वाचले.

गावात कुणी तोंडावर काही बोललं नाही. पण पाणी भरायला गेले की बाया गप्प व्हायच्या. "बापाले देलं नं शेवटी," हे एकदा पाठीमागून ऐकलं. मी वळून म्हटलं, "हो, दिलं! तुमचा बाप असता तर त्यालाही दिलं असतं, मरत असता तर!" त्यांना वाटलं असेल, मी शिव्या देते आहे.

शेठजींनी मात्र कधी वाकडा शब्द काढला नाही. ते पुन्हा गादीवर बसायला लागले त्या दिवशी आबा त्यांना भेटायला गेले. मीही सोबत होते. दुकानात गर्दी होती. शेठजींनी आबांना जवळ बसवलं, चहा मागवला, पाठीवर हात ठेवला आणि हसत हसत म्हणाले, "आबा, नशीबवान आहात. लेक नर्स आहे. माझी लेक असती तर मला दिली असती सुई!" आणि खो खो हसले. मनात काही नव्हतं हो त्यांच्या. थट्टा होती. दुकानातले सगळे हसले. आबाही हसले. चहा पिऊन उठले, घरी आले आणि कोयता माळ्यावर टाकून दिला.

त्यानंतर ते वाटेच्या कामाला गेले नाहीत. पुढच्या साली पंच बोलवायला आले तर म्हणाले, गुडघे दुखतात. गुडघे कसले दुखतात! पहाटे उठून बागेला पाणी देणारा माणूस. मला हवं होतं तेच झालं होतं. आबा कड्याखाली जाणार नव्हते, माझा जीव टांगणीला लागणार नव्हता. आणि ओसरीवर बसून वरच्या वाटेनं जाणाऱ्या माणसांकडे पाठ करून सुपारी कातरणारा तो माणूस मला बघवत नव्हता.

शिबीर त्या सालीही झालं. धुळ्याचे सर आले. नारळ खालच्या वळणावर फुटणार, हे आता लहान पोरालाही माहीत होतं. निघताना मी ओसरीवर आबांसमोर उभी राहिले. म्हटलं, "चला ना आबा. खालच्या वळणापर्यंतच. यंदा साहेबांनी दोन कुप्या दिल्यात. आता कुणाला कमी पडणार नाही."

आबांनी अडकित्ता खाली ठेवला. बऱ्याच दिवसांनी त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. रागानं नाही.

"दोन असू दे, नाहीतर दहा असू दे," ते म्हणाले. "पयली तू मलेच देशीन."

मी पिशवी खांद्याला लावली आणि निघाले. थांबले असते तर खोटं बोलावं लागलं असतं.